पाहुण्यांना हरणे दाखविली, त्याची हकीकत

परगावचा पाहुणा घरी आला म्हणजे त्याला जेवू काय घालावे ही चिंता गृहिणीने करावी आणि त्याला दाखवावे काय ही चिंता यजमानाने, अशी कामाची वाटणी आमच्या घरात फार वर्षांपासून चालत आलेली आहे. पैकी पहिली चिंता आमच्याकडे घटकाभरही टिकत नाही. दुसरी मात्र पाहुणा आल्या दिवसापासून तो निरोप घेईपर्यंत आमच्या मानेवर बसलेली असते. कारंजासारख्या गावी राहणाऱ्याने दाखवावे तरी काय? श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिर आहे. तेथे पहिल्या दिवशी सकाळीच जाणे होते. जुनी जैन मंदिरे आहेत. वाशीमपर्यंत जाण्याची तयारी असेल तर बालाजीचे देवालय आहे, आणि हेच ते वाकाटकांचे वत्सगुल्म, असे सांगून पाहुण्याच्या मुद्रेवर काही उमटते की काय ते पाहता येते. बहुधा काही उमटत नाही. आणखी फुरसत असली तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर. इतके झाले की आमची पोतडी रिकामी! वडील माणसे एवढ्यावर संतुष्ट होतात. परंतु बरोबर लहान मुले असली म्हणजे देवळांचा हा क्रम तिसऱ्या देवळाच्या पायरीशीच थांबतो, असा आमचा अनुभव आहे.

गेल्या डिसेंबरात आमचा भाचा विलायतेहून सहकुटुंब आला. बारा वर्षे तो तिकडे आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघेही मराठी बोलतात, पण जपून बोलतात. ओल्या फरशीवरून चालावे तशी. तिसऱ्या रात्री जेवणे चालली असता मुलीने आम्हांस विचारले, ‘‘आजोबा, इथे मोटारीत बसून प्राणी बघायचे पार्क नाही का?’’

भाच्याने खुलासा केला. इंग्लंडात विल्टशर परगण्यात लाँगलीट म्हणून एका उमरावाची मोठी इस्टेट आहे. १९६६ साली त्या उमरावाने सर्कशीच्या धंद्यातील एका गृहस्थाच्या साहाय्याने तेथे सिंह आणून सोडले आणि लोकांनी आपापल्या मोटारी घेऊन त्यांच्यामधून फिरावे अशी योजना केली. आफ्रिका खंडाबाहेर अशा तऱ्हेचे ते पहिलेच उद्यान. पुढे ही कल्पना इतर देशांतही पसरली. काचा वर करून बसावयाचे, दार म्हणून उघडावयाचे नाही आणि सिंहांनी आपल्याला पाहावे इतक्या सावकाश जावयाचे, असा तेथील शिरस्ता. धाकट्याने मध्येच सांगितले की, माकडांनी त्यांच्या मोटारीची पाणी पुसण्याची काडी उपटून नेली. त्याच्या मते सबंध प्रवासातील ती सर्वोत्कृष्ट गोष्ट होती.

‘‘आपल्याकडेही आहे ना, मामा?’’ भाचा म्हणाला. ‘‘नागपूरला गोरेवाड्याला आहे असे वाचले.’’

आहे खरे. नागपूरजवळ गोरेवाड्याचे प्राणिसंग्रहालय २६ जानेवारी २०२१ रोजी उघडले. तेथे जाळीच्या गाडीत बसवून वाघ, बिबटे, अस्वले मोठ्या मोकळ्या आवारात हिंडताना दाखवितात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून कारंजाहून नागपूर दोन-अडीच तासांच्या वाटेवर आले आहे. सरळ ‘उद्या जाऊ’ म्हणावयाचे. प्रश्न मिटला असता. परंतु ‘आपल्याकडेही आहे ना’ या शब्दांतील ‘ही’ आम्हांस बोचला. विलायतेच्या उद्यानाची नक्कल दाखवावयास पाहुण्यांना नागपूरला न्यावे आणि आपल्या उंबऱ्याशी जे अस्सल आहे ते तसेच ठेवावे, हे काही आमच्या मनास येईना. आम्ही पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, ‘‘गोरेवाड्यास पैसे देऊन कुंपणातले प्राणी पाहाल. परवा सकाळी आमच्याबरोबर चला. कुंपण नसलेले दाखवितो.’’

आमच्या सौभाग्यवतींनी वाढता वाढता आमच्याकडे पाहिले. त्या दृष्टीचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य गावापासून इतके जवळ. परंतु आम्ही स्वतः तेथे किती वेळा गेलो होतो? एकदा. तेही ते जाहीर झाले त्या सुमारास, म्हणजे २००० साली, एका सत्कारसमारंभाहून परतताना, दुपारी दोन वाजता. त्या वेळी एक गाय दिसली होती.

असो. बोललेला शब्द पाळावयाचा म्हणून दुसरा सबंध दिवस आम्ही अभ्यासात घालविला. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे पाठाची टाचणे काढल्याखेरीज आमच्याने घराबाहेर पडवत नाही. सुमारे १८ चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य म्हणजे दाट जंगल नव्हे. ते गवताळ, मोकळे माळरान आहे, आणि काळविटाला असेच रान मानवते. झाडी दाट झाली की त्याचे पळण्याचे बळ फुकट जाते. हा प्राणी ताशी ऐंशी किलोमीटरांच्या वेगाने धावू शकतो. ज्या चित्त्याच्या धाकाने त्याच्या पायांत हा वेग भरला असे म्हणतात, तो चित्ता आपल्या देशातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. पुढे २०२२ साली मध्य प्रदेशात कुनो येथे आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले. वेग मात्र येथल्या येथेच राहिला. नर वयात येता येता पाठीवर काळा होतो, पोट पांढरे, डोळ्यांभोवती पांढरी कडी आणि डोक्यावर मळसूत्रासारखी पिळदार लांब शिंगे. मादी तांबूस, बहुतकरून शिंगांवाचून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. आमच्या मुंजीत जानव्याला मृगाजिनाचा तुकडा बांधलेला होता तो याच प्राण्याचा. आता तसे कातडे विकणे वा विकत घेणे गुन्हा आहे.

आणि कृष्णसार म्हटल्यावर मनू व कालिदास यांना वगळून कसे चालेल? कृष्णसार मृग जेथे आपल्या स्वभावाने हिंडतो तो देश यज्ञाला योग्य आणि त्याच्या पलीकडचा तो म्लेच्छांचा, असे मनूने सांगून ठेविले आहे. हे आम्ही भाच्यास ऐकविले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘म्हणजे मामा, आमचे घर तर पलीकडेच पडले.’’ वऱ्हाड मात्र नि:संशय आत पडतो, याचे आम्हांस त्या क्षणी जरा नको इतके समाधान वाटले. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात दुष्यंत रथातून धावत्या कृष्णसाराचा पाठलाग करीत येतो. तेव्हा वाहनात बसून हरणे पाहण्याची ही रीत लाँगलीटच्या उमरावाने काढली नसून आमच्या कवीने कित्येक शतके आधी रंगभूमीवर आणली आहे, असे आम्ही पुढे प्रतिपादन करणार होतो. ‘‘आधी हरीण दाखवा,’’ सौ. म्हणाल्या, ‘‘मग कालिदास.’’

ठरल्या दिवशी पहाटे पाचला मुलांना उठविले. थंडी चांगलीच होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुलांसाठी तूपसाखरेच्या पोळ्या आणि चहाचा मोठा थर्मास असा सरंजाम घेऊन आम्ही सहा जणे भाड्याच्या मोटारीत दाटीने बसलो. आमचा विचार गावरस्त्याने अभयारण्याच्या कडेकडेने जाण्याचा होता. वाटेत समृद्धीचे दिवे दिसले. या महामार्गावर जंगली जनावरांना जाण्यायेण्यासाठी पूल आणि भुयारे ठेवलेली आहेत, हे आम्ही मुलांना सांगितले. मुलीने विचारले, ‘‘पण पूल कोणाचा ते हरणांना कसे कळते?’’ आम्ही उत्तराऐवजी तिला शाल नीट पांघरविली.

उजाडले. धुक्याची एक पातळ पट्टी माळावर पडली होती, ती हळूहळू विरली. पहिल्या अर्ध्या तासात आम्हांस दिसले ते असे: दोन कुत्री, तारेवर बसलेला एक नीलकंठ, दूध घेऊन चाललेला एक सायकलस्वार आणि पुन्हा तीच दोन कुत्री. धाकटा आईच्या मांडीवर झोपी गेला. भाचेसूनबाईंनी सौजन्याने ‘‘हवा किती स्वच्छ आहे!’’ असे दोनदा म्हटले. यजमानाला याहून मोठा टोला दुसरा नाही. भाचा फोनवर गोरेवाड्याच्या वेळा पाहत होता. त्याने फोन आडवा धरला होता, तरी आम्हांस कळले. आम्ही सारथ्यास म्हणालो, ‘‘डावीकडच्या वाटेने घे.’’ त्या वाटेने का? आम्हांस काहीच माहीत नव्हते. पाहुण्यांसमोर हात टेकण्यापेक्षा वळण घेणे बरे, इतकाच त्यातला हेतू.

कच्च्या वाटेने दहा मिनिटे गेलो असू. बाभळींची एक रांग ओलांडली आणि सारथ्याने आपण होऊन मोटार थांबविली.

वीस-पंचवीस तरी असतील. रस्त्यापासून फार तर शंभर पावलांवर, हिरव्यागार पटावर मांडल्यासारखी ती उभी होती. माद्या खाली माना घालून चरत होत्या. त्यांच्या पाठींवर दव होते आणि कोवळे ऊन त्यावर पडून पाठीची कड तेवढी चमकत होती. दोन पोरसवदा नर होते, अजून तपकिरी, शिंगे आखूड. आणि कळपापासून थोडा वेगळा, एका उंचवट्यावर तो काळा नर. त्याने मान इतकी मागे टाकली होती की शिंगे पाठीला टेकावीत. तो चालत नव्हता, मिरवत होता. आम्ही चाळीस वर्षे शाकुंतल शिकविले. परंतु या एका जनावरापायी राजाने भान का हरपावे, हे आम्हांस त्या सकाळपर्यंत कळले नव्हते, असे येथे कबूल केले पाहिजे.

सारथ्याने इंजिन बंद केले. पायी माणूस दिसला तर ही जनावरे दुरूनच पळतात. उभ्या मोटारीला मात्र तितकी भीत नाहीत. धाकटा जागा झाला होता आणि त्याने आपले तोंड दोन्ही हातांनी दाबून धरले होते. मुलगी काही बोलत नव्हती. तेवढ्यात एक पाडस कशानेसे बिचकले आणि चारही पाय एकदम उचलून सरळ वर उडाले. त्याच्या पाठोपाठ दुसरे, मग एक मादी. जमिनीत कोठे तरी कमानी दडविल्या असाव्यात असे ते उड्डाण! मुलांच्या तोंडून हलकेच ‘हाऽ’ असा एकच उद्गार निघाला. भाच्याने फोन केव्हाच खिशात टाकला होता. तो आमच्या कानाशी लागून म्हणाला, ‘‘मामा, तिकडे असे नाही.’’

वाचकहो, त्या वेळी आमची छाती किती फुगली असेल याची कल्पना आपण करावी. जणू ती हरणे आम्हीच पाळली होती.

‘‘ती काय खातात?’’ मुलीने कुजबुजत विचारले.

‘‘गवत,’’ आम्ही म्हणालो.

‘‘गवत नाही हो,’’ सौ. मागून म्हणाल्या. ‘‘हरभरा आहे तो.’’

हरभराच होता. गवत इतके सरळ ओळींत उगवत नाही. आम्ही चष्मा पुसला. ओळींच्या पलीकडे तुरीचे धांडे होते, त्यापलीकडे एक बुजत आलेली विहीर आणि बांधावर दोन फांट्यांचा कडुनिंब. त्या कडुनिंबाकडे आम्ही क्षणभर पाहिले, आणि आमच्या तोंडचे पाणी पळाले. तो कडुनिंब आमच्या वडिलांनी लावला होता. शेत आमचे होते.

आपले शेत आपल्याला ओळखू येऊ नये, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आम्ही त्या बाजूने कधी गेलो नव्हतो. नेहमीची वाट सोहोळकडून आहे, आणि त्या वाटेनेही गेल्यास तीन वर्षे झाली होती. अभयारण्याच्या हद्दीपासून फर्लांगभरावरचे ते चार एकर आम्ही ठोक्याने दिलेले आहेत. वर्षाची रक्कम ठरवावयाची, अर्धी पाडव्यास घ्यावयाची, अर्धी सोयाबीन निघाल्यावर. मग पिकले तर त्याचे आणि न पिकले तरी त्याचेच. आमच्या बाजूने शेती एवढीच.

इतक्यात तुरीच्या मागे पत्र्याचा डबा वाजू लागला. ‘‘हाऽऽ! हुर्रर! हाऽऽ!’’ अशी आरोळी आली. मचाणावरून एक माणूस उतरून घोंगडीसह धावत येत होता. कळप एकदम एका अंगाने वळला, वाऱ्याने पीक वाकावे तसा, आणि आठ-दहा झेपांत बांधापलीकडे गेला. काळा नर सर्वांच्या मागून गेला, आणि जाताना एकदा थांबून पाहून गेला.

धाकटा रडू लागला. मुलगी रागावून म्हणाली, ‘‘त्या माणसाने त्यांना का हाकलले? कुणी त्याला सांगत का नाही?’’

तो माणूस मोटारीकडेच येत होता. ‘‘कोन हाय रे? गाडी काहून उभी केली इथं?’’ असे तो दरडावून म्हणाला; मग काच खाली झाली आणि त्याने आम्हांस पाहिले. ‘‘अरे! गुर्जी, तुमी? मले वाटलं शिकारी आले का काय.’’

हा आमचा जुना विद्यार्थी. पाचवी ते दहावी आमच्या हाताखाली होता. आता पंचेचाळिशीचा असेल. रात्रभर जागलीवर राहून त्याचे डोळे तांबारले होते. त्याच्या मागोमाग जे आमच्या मनात आले ते येथे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

गेल्या जुलैत तो आमच्याकडे आला होता. सोयाबीन दोन पानांवर आले असता हरणांनी एका रात्रीत निम्मे शेत खुडून टाकले, असे त्याचे म्हणणे होते. रोही, रानडुक्कर, हरीण यांनी पीक खाल्ले तर शासन भरपाई देते. अर्ज करावा लागतो, पंचनामा होतो. परंतु हे सर्व थोड्याच दिवसांत व्हावे लागते आणि अर्जाला सातबारा लागतो. सातबारा आमच्या नावाचा. त्याच्याजवळ कागद म्हणून काहीच नाही, कारण ठोका तोंडी असतो. शेत लेखी कराराने दिले तर कूळ लागेल ही भीती आमच्यासारख्यांच्या घरांत १९५८ च्या विदर्भाच्या कूळकायद्यापासून मुरलेली आहे. तेव्हा पेरणारा एक आणि कागदावर दुसरा, अशी ही तऱ्हा गावोगाव चालते. त्याला आमची एक सही व सातबाऱ्याचा उतारा हवा होता. आम्ही झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचीत होतो. ‘‘पुढच्या आठवड्यात पाहू,’’ असे आम्ही म्हणालो. पुढच्या आठवड्यात मुदत संपली होती.

दिवाळीच्या आधी तो पुन्हा आला. ठोक्याच्या दुसऱ्या हप्त्यात काही सूट मिळावी, अशी त्याची विनंती होती. तेव्हा आम्ही जे बोललो ते आम्हांस शब्दशः आठवते. ‘‘हरणे काय आजचीच आहेत? आणि हरणे ती खाऊन खाऊन किती खाणार?’’ त्याने वाद केला नाही. आठ दिवसांनी पूर्ण रक्कम आणून ठेविली आणि आम्ही ती मोजून घेतली.

आता तोच मनुष्य आमच्या मोटारीच्या काचेशी उभा होता आणि आमच्या पाहुण्यांकडे पाहून त्याचा चेहरा निवळत होता. ‘‘पाव्हने आले वाटते. लेकरायले थंडी वाजत असन. चाला, चहा घेऊन जा.’’

नाही म्हणण्याची सोय नव्हती. तुरीच्या आडोशाला चार बल्ल्यांची खोप होती. त्याची कारभारीण तीन दगडांची चूल पेटवून बसली होती. तिने पाहुण्यांसाठी ताडपत्री झटकली, वर घोंगडी घातली. काळा चहा झाला. दूध नाही म्हणून तिला फार संकोच वाटला. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या होत्या. त्या तिने परातीत ओतून मुलांपुढे सरकविल्या. मुले आधी लाजली आणि मग शेंगा सोलता सोलता सगळे विसरली. आमचा दशम्यांचा डबा मोटारीतच राहिला होता. तो काढावा हे आमच्यापैकी कोणासही सुचले नाही, सौभाग्यवतींसही नाही, यावरून तेथल्या आमच्या मन:स्थितीची अटकळ करता येईल.

मुलीचा राग मात्र पुरता गेला नव्हता. ती त्याला म्हणाली, ‘‘काका, ती हरणे तुमची आहेत?’’

तो हसला. ‘‘नाई बाई. हरनं सरकारची, वावर गुर्जीचं, अन् पेरा तेवढा माहा.’’

त्यात टोमणा नव्हता. पाढा म्हणावा तसे त्याने ते सांगितले. भाच्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही विहिरीकडे पाहिले.

मग त्याने मुलांना शेत हिंडवून दाखविले. हरणे शेंडे कसे खुडतात, खुडलेल्या झाडाला बाजूने फूट येते पण पुन्हा पुन्हा खुडले तर ते तसेच खुरटे कसे राहते, कोणत्या ओळी कालच्या आणि कोणत्या आजच्या, हे तो वाकून बोटाने दाखवीत होता. हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव असते. मुलांनी ते बोटाने चाखले. आमच्या शेताच्या मधोमध एक मोठा तुकडा जवळजवळ बोडका होता. ‘‘इथं तो कायवीट येऊन बसते,’’ तो म्हणाला. ‘‘रोजची जागा हाय त्याची. आपन गेलो का उठते, आपन निजलो का येते.’’ त्याच्या बोलण्यात चीड होती, तशीच शेजाऱ्याविषयी असते तशी ओळखही होती. तो काळवीट पूर्वी डाव्या पायाने किंचित लंगडत असे आणि आता बरा झाला आहे, हेही त्याने सांगितले. आमच्या टाचणांत यातले काहीही नव्हते.

धाकट्याने पत्र्याचा डबा मागून घेतला आणि मनसोक्त वाजविला.

निघताना भाच्याने खिशात हात घातला. आम्ही डोळ्यांनीच त्याला थांबविले. त्या घरच्या चहाचे पैसे द्यावयाचे असतील तर ते त्याने नव्हे. कारभारणीने तुरीच्या शेंगांची पिशवी भरून मोटारीत ठेविली आणि सौ.स म्हणाली, ‘‘काकू, घरी नेऊन सोले करजा.’’

परतीच्या वाटेवर कालिदास निघाला नाही. अभयारण्याची हद्द, त्यातले गवत, उन्हाळ्यात तेथे पाणी राहते की नाही, असे भाचा काहीबाही विचारीत होता. सांगावयाचे म्हणून आम्ही सांगितले की, हरणाला कुंपण दिसत नाही आणि माळाच्या कोरड्या गवतापेक्षा कोवळा हरभरा त्याला गोड लागणारच. लाँगलीटला सिंहांचे खाणे गाडीतून जाते, भाचा म्हणाला. त्याचा खर्च तिकिटातून निघतो. आम्ही सहा जणांनी त्या सकाळी जे पाहिले त्याचे तिकीट कोणी भरले, हे त्याने विचारले नाही. तो फार सुस्वभावी मुलगा आहे.

त्या रात्री वांगी घालून सोल्यांची भाजी झाली. पाहुण्यांनी ती मागून मागून खाल्ली. जेवणे आटोपल्यावर सौभाग्यवतींनी आम्हांस एकच प्रश्न केला, ‘‘दिवाळीला पूर्ण घेतलेत?’’ आम्ही होय म्हणालो. त्या काही न बोलता भांडी आवरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना गाडीत बसवून दिल्यावर आम्ही सातबाऱ्याचा उतारा काढला आणि त्याच्यासह कचेरीत जाऊन हरभऱ्याच्या नुकसानीचा अर्ज दिला. अर्जात नुकसान झालेल्या शेतकऱ्याचे नाव असा रकाना आहे. तेथे आमचे नाव घालावे लागते, कारण सातबारा तसे म्हणतो. आम्ही ते लिहिले. आयुष्यात सही करताना आमचा हात इतका अडखळल्याचे आम्हांस स्मरत नाही. पंचनाम्याच्या दिवशी तो आणि आम्ही दोघेही शेतात होतो. किती ओळी गेल्या हे कर्मचाऱ्याने आम्हांस विचारले, आणि आम्ही त्याच्याकडे बोट दाखविले.

भरपाई मंजूर झाली तर ती आमच्या खात्यात येईल आणि तेथून त्याच्याकडे जाईल. एवढे तर लहान मुलासही समजते. दिवाळीच्या हप्त्यातील निम्मी रक्कम आम्ही पंचनाम्याच्या दिवशीच त्याला परत केली. आमची अपेक्षा होती की तो संकोच करील, नको म्हणेल. त्याने ती घेतली, मोजली, आणि खिशात घातली. मग म्हणाला, ‘‘गुर्जी, झटका मशीन बसवलं त बरं होईन. अर्धे तुमी टाकजा, अर्धे मी टाकतो.’’ सूर्यावर चालणारे हे कुंपण हल्ली आमच्या भागात पुष्कळ शेतांवर दिसते. जनावराला झटका बसतो, जीव जात नाही.

विचार करून सांगतो, असे आम्ही म्हणालो. आणि म्हणता म्हणताच झोपाळ्यावरचा तो जुलै आम्हांस आठवला. घरी येऊन ही गोष्ट सौभाग्यवतींना सांगितली. त्यांनी मशीन केवढ्याला मिळते हे दुकानात विचारून ठेविले आहे असे कळते. शिवाय दुसऱ्या दिवशी जुन्या पेटीतून शेताची कागदपत्रे काढून त्यांनी आमच्या मेजावर ठेविली. ती आम्ही अद्याप पेटीत परत ठेविलेली नाहीत. ठोका लेखी करावा की काय, या विषयी घरात सध्या बोलणे चालू आहे. आमचे थोरले बंधू अकोल्यास असतात; त्यांचे पत्र आले की, असला वेडेपणा मुळीच करू नये.

मुलीचेही पत्र आले आहे. नाताळच्या सुटीत काय पाहिले यावर तिला शाळेत बोलावयाचे होते. तो काळवीट आता कोठे बसतो, आणि काकांनी मशीन बसविले तर तो मग कोणाच्या शेतात जाईल, एवढे तिने आम्हांस कळविण्यास सांगितले आहे. पहिल्या प्रश्नासाठी आम्ही उद्या सकाळी शेतावर जाणार आहोत. नेहमीच्या वाटेने, पायी.